रशियातील वैद्यकीय विद्यापीठ आतून कसे असते? मॉस्कोच्या सेचेनोव्ह विद्यापीठाची ओळख

बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल लागला की आम्हा डॉक्टरांकडे एक वेगळीच गर्दी सुरू होते. या लोकांना आजार नसतो. हातात एक रंगीत माहितीपत्रक असते आणि प्रश्न ठरलेला असतो: “डॉक्टर, मुलीला एमबीबीएससाठी रशियात पाठवायचं म्हणतोय. कॉलेज कसं आहे?”

माहितीपत्रकात बर्फातल्या इमारती, वसतिगृहाचे फोटो आणि फीचा तक्ता असतो. तिथे शिकवतात कसे, रुग्णालय कोणाचे, गुणपत्रिकेवरच्या ‘फॅकल्टी थेरपी’ आणि ‘हॉस्पिटल थेरपी’ या विषयांचा अर्थ काय, हे त्यात नसते. नेमके हेच आधी समजून घ्यायला हवे. म्हणून आज एकाच संस्थेच्या उदाहरणावरून ही सगळी रचना पाहू. संस्था आहे रशियातील सर्वांत जुनी: मॉस्कोचे सेचेनोव्ह विद्यापीठ. रशियातली बहुतेक वैद्यकीय विद्यापीठे याच साच्यातली असल्यामुळे ही माहिती इतर ठिकाणीही उपयोगी पडेल.

सुरुवात कशी झाली?

सम्राज्ञी एलिझाबेथ हिच्या हुकुमाने १७५५ साली मॉस्को विद्यापीठ स्थापन झाले. शास्त्रज्ञ मिखाईल लोमोनोसोव्ह यांनी त्याची कल्पना मांडली होती आणि दरबारातले इव्हान शुवालोव्ह यांनी ती तडीस नेली. विद्यापीठाच्या तीन शाखा ठरल्या: तत्त्वज्ञान, कायदा आणि वैद्यक. वैद्यक शाखेचे अध्यापन १७५८ मध्ये सुरू झाले. म्हणून सेचेनोव्ह विद्यापीठ आपला जन्म १७५८ चा मानते.

सुरुवातीचे शिक्षक बहुतांशी जर्मन होते आणि व्याख्याने लॅटिनमध्ये चालत. सेम्योन झिबेलिन यांच्यासारखे पहिले रशियन प्राध्यापक आले, तेव्हा रशियन भाषेतून वैद्यक शिकवण्याची वाट मोकळी झाली. डॉक्टर ही पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला १७९१ मध्ये मिळाला. त्या आधी ही पदवी हवी असेल तर बहुधा परदेश गाठावा लागे.

१८१२ मध्ये नेपोलियनचे सैन्य मॉस्कोत शिरले आणि शहराला लागलेल्या आगीत विद्यापीठाची इमारतही जळाली. पुढच्याच वर्षी वर्ग पुन्हा सुरू झाले. या पडझडीतून वैद्यक शाखा उभी करणाऱ्यांमध्ये एक नाव महत्त्वाचे आहे, मात्वेई मुद्रोव्ह. आजाराच्या नावावर नव्हे, तर समोरच्या माणसावर उपचार करायचे, हा त्यांचा आग्रह होता. प्रत्येक रुग्णाची सविस्तर लेखी नोंद ते ठेवत आणि विद्यार्थ्यांनाही तीच सवय लावत. आज आपण ज्याला ‘केस पेपर’ म्हणतो, त्याची शिस्त रशियन वैद्यकात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. पुढे १८३१ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत काम करताना त्याच आजाराने त्यांचे निधन झाले.

‘फॅकल्टी’ आणि ‘हॉस्पिटल’: शिकण्याच्या तीन पायऱ्या

आता गुणपत्रिकेवरच्या त्या कोड्याकडे येऊ. आपल्याकडे मेडिसिन हा एकच विषय आणि एकच विभाग असतो. विद्यार्थी त्याच विभागाच्या युनिटमध्ये वेगवेगळ्या वर्षी जातो. रशियात मात्र मेडिसिनचे तीन वेगळे विषय असतात आणि त्यांचे विभागही स्वतंत्र असतात. सर्जरीतही अशीच विभागणी असते.

पहिली पायरी: प्रोपेदेव्टिका. सोप्या शब्दांत, पूर्वतयारी. रुग्णाशी बोलायचे कसे, नाडी, छाती, पोट तपासायचे कसे, लक्षणे ओळखायची कशी, एवढेच इथे शिकवतात. उपचाराची घाई नसते.

दुसरी पायरी: फॅकल्टी थेरपी. इथे ‘फॅकल्टी’ म्हणजे विद्यापीठाची वैद्यक शाखा. शाखेचे स्वतःचे, मोजक्या खाटांचे क्लिनिक असे. तिथे शिकवण्यासाठी निवडलेले रुग्ण ठेवत. न्यूमोनिया पुस्तकात जसा लिहिला आहे तसाच असलेला रुग्ण घ्यायचा आणि त्याचा पहिल्या दिवसापासून बरा होईपर्यंत बारकाईने अभ्यास करायचा. रुग्ण थोडे, पण अभ्यास खोल.

तिसरी पायरी: हॉस्पिटल थेरपी. प्रत्यक्षात रुग्ण पुस्तकाप्रमाणे येत नाहीत. एकाच माणसाला मधुमेह, दमा आणि किडनीचा त्रास एकत्र असू शकतो. म्हणून शेवटच्या वर्षांत विद्यार्थ्याला मोठ्या, रोजच्या गर्दीच्या रुग्णालयात न्यायचे. येईल तो रुग्ण पाहायचा, सारख्या दिसणाऱ्या आजारांतून नेमका आजार ओळखायचा.

ही तिसरी पायरी निकोलाय पिरोगोव्ह या सर्जनने आग्रहाने मांडली. ते स्वतः वयाच्या चौदाव्या वर्षी मॉस्कोच्या वैद्यक शाखेत दाखल झाले आणि १८२८ मध्ये शिकून बाहेर पडले. त्या काळी बरेच शिक्षण व्याख्यानांतूनच होई. पुढे १८४१ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वैद्यक-शल्य अकादमीत त्यांनी ‘हॉस्पिटल सर्जरी’चे स्वतंत्र क्लिनिक सुरू करून घेतले. १८४० च्या दशकात मॉस्कोतही फॅकल्टी आणि हॉस्पिटल अशी दोन प्रकारची क्लिनिके आली. त्यातल्याच फॅकल्टी सर्जरीचे प्रमुख फ्योदोर इनोझेम्त्सेव्ह यांनी फेब्रुवारी १८४७ मध्ये रशियातली ईथरची भूल देऊन केलेली पहिली शस्त्रक्रिया केली. अमेरिकेत बॉस्टनला ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले, त्यानंतर चारच महिन्यांत.

तेव्हा लक्षात ठेवा: रशियात शिकून आलेल्या डॉक्टरच्या गुणपत्रिकेवर ‘हॉस्पिटल थेरपी’ दिसली तर तो फिजिओथेरपीचा किंवा रुग्णालय व्यवस्थापनाचा विषय नाही. ते शेवटच्या वर्षांचे मेडिसिन आहे.

देविच्ये पोले: रुग्णालयांचे गाव

१८८० आणि १८९० च्या दशकांत मॉस्कोच्या देविच्ये पोले या मोकळ्या भागात विद्यापीठाची क्लिनिके एकापाठोपाठ उभी राहिली. वास्तुविशारद होते कॉन्स्तान्तिन बिकोव्स्की. सरकारी पैशाबरोबर मॉस्कोतल्या व्यापारी कुटुंबांच्या देणग्याही यात मोठ्या होत्या. मनोरुग्णांचे क्लिनिक वार्वारा मोरोझोवा या बाईंच्या देणगीतून झाले. प्रत्येक विषयाची स्वतंत्र इमारत, त्यातच वॉर्ड, प्रयोगशाळा आणि व्याख्यानगृह अशी ही मांडणी होती. प्राध्यापक वॉर्डातून निघून त्याच इमारतीत वर्ग घेई. आजही सेचेनोव्ह विद्यापीठाची मुख्य रुग्णालये याच परिसरात, बोल्शाया पिरोगोव्स्काया रस्त्यावर आहेत.

इथल्या शिक्षकांची काही नावे तुमच्या डॉक्टरांनीही अभ्यासलेली असतात. दारूच्या व्यसनातून येणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराला ज्यांचे नाव आहे, ते सेर्गेई कोर्साकोव्ह इथलेच. बालरोगतज्ज्ञ नील फिलातोव्ह, सर्जन निकोलाय स्क्लिफोसोव्स्की आणि रुग्णाची माहिती विचारण्याच्या कौशल्यासाठी गाजलेले ग्रिगोरी झाखारिन हेही इथलेच. लेखक अंतोन चेखोव्ह १८७९ ते १८८४ या काळात इथे वैद्यक शिकले आणि झाखारिन यांची पद्धत त्यांना फार महत्त्वाची वाटे. चेखोव्ह यांनी पुढे वैद्यकी केली आणि १८९२ मध्ये कॉलऱ्याच्या साथीत गावोगावी कामही केले.

एक उणीव मात्र सांगायला हवी. त्या काळी या शाखेत मुलींना प्रवेश नव्हता. मॉस्कोतल्या मुलींसाठीच्या उच्च शिक्षणसंस्थेत १९०६ मध्ये वेगळी वैद्यक शाखा निघाली. तिचाच पुढे विस्तार होऊन मॉस्कोचे दुसरे मोठे वैद्यकीय विद्यापीठ तयार झाले. ते आज पिरोगोव्ह यांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे गंमत पाहा, पिरोगोव्ह शिकले ती शाखा आज सेचेनोव्ह यांच्या नावाने आहे आणि पिरोगोव्ह यांचे नाव शेजारच्या विद्यापीठाला आहे. चौकशी करताना या दोन्हींत गल्लत करू नका.

सेचेनोव्ह कोण?

इव्हान सेचेनोव्ह (१८२९ ते १९०५) हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. मॉस्कोच्याच वैद्यक शाखेतून ते १८५६ मध्ये उत्तीर्ण झाले. मेंदूचे काम प्रतिक्षिप्त क्रियांच्या आधारे समजावणारे त्यांचे लेखन १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पावलोव्ह यांनी त्यांना रशियन शरीरक्रियाशास्त्राचे जनक म्हटले. १८९१ ते १९०१ या काळात ते मॉस्कोत प्राध्यापक होते. मधली काही वर्षे त्यांनी ओडेसाला शिकवले. तिथे त्यांचे सहकारी होते इल्या मेचनिकोव्ह. याच मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी वाल्देमार हाफकिन पुढे मुंबईत आले आणि १८९७ मध्ये त्यांनी प्लेगची लस तयार केली. परळची हाफकिन संस्था आपल्याला माहीत आहेच.

१९३० ची फारकत

सोव्हिएत काळात मोठा बदल झाला तो १९३० मध्ये. देशभरातल्या वैद्यक शाखा विद्यापीठांपासून वेगळ्या काढून त्यांच्या स्वतंत्र ‘वैद्यकीय संस्था’ केल्या गेल्या आणि त्या आरोग्य खात्याच्या ताब्यात आल्या. कारण सरळ होते. देशाला थोड्या वर्षांत फार मोठ्या संख्येने डॉक्टर हवे होते. किती, कोणत्या विषयाचे आणि कुठे हवेत, हे आरोग्य खात्याला ठरवायचे होते. त्याच काळात बालरोगासाठी वेगळी शाखा आली. म्हणून आजही रशियात ‘बालरोग’ ही बारावीनंतर थेट घेता येणारी सहा वर्षांची स्वतंत्र पदवी आहे. लहान मुलांचा डॉक्टर आणि मोठ्यांचा डॉक्टर पहिल्या दिवसापासून वेगळे शिकतात.

मॉस्को विद्यापीठाची वैद्यक शाखा अशी ‘पहिली मॉस्को वैद्यकीय संस्था’ झाली. १९४१ मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोजवळ आल्यावर संस्था उफा शहरात हलवावी लागली. १९५५ मध्ये तिला सेचेनोव्ह यांचे नाव मिळाले, १९९० मध्ये ती ‘अकादमी’ झाली आणि २०१० मध्ये ‘पहिले मॉस्को राज्य वैद्यकीय विद्यापीठ’. पदवीपत्र कोणत्या वर्षाचे आहे, यावर त्यावरचे नाव बदलते. संस्था एकच.

मूळ मॉस्को विद्यापीठाने १९९२ मध्ये पुन्हा स्वतःची वैद्यक शाखा सुरू केली. कझान शहरातही असेच आहे. तिथल्या विद्यापीठाची १८१४ ची वैद्यक शाखा १९३० मध्ये वेगळी झाली, तेच आजचे कझान राज्य वैद्यकीय विद्यापीठ. पण कझान फेडरल विद्यापीठही अलीकडे पुन्हा वैद्यक शिकवू लागले आहे. एकाच शहरात सारख्या नावाच्या दोन संस्था असू शकतात, हे ध्यानात घ्या.

आजची रचना: ‘काफेद्रा’ हा पाया

सेचेनोव्ह विद्यापीठ आजही रशियाच्या आरोग्य मंत्रालयाखाली आहे. सर्वांत वर रेक्टर आणि विद्यापीठाची विद्वत्सभा. त्याखाली मोठे विभाग आहेत, त्यांना तिथे ‘संस्था’ म्हणतात: स्क्लिफोसोव्स्की यांच्या नावाची क्लिनिकल वैद्यकाची, फिलातोव्ह यांच्या नावाची बालआरोग्याची, एरिस्मान यांच्या नावाची सार्वजनिक आरोग्याची, तसेच दंतवैद्यक आणि औषधनिर्माणाच्या संस्था. प्रत्येक संस्थेत अनेक ‘काफेद्रा’ असतात. काफेद्रा म्हणजे एका विषयाचा विभाग. त्यात विभागप्रमुख, प्राध्यापक, दोत्सेंट आणि असिस्टंट अशी उतरंड असते. विद्यार्थ्याचा रोजचा संबंध येतो तो असिस्टंटशी आणि डीनच्या कार्यालयाशी.

विद्यापीठाची स्वतःची रुग्णालये आहेत, ही सेचेनोव्हची मोठी ताकद. २०२० मध्ये स्पुटनिक व्ही या लसीच्या माणसांवरील पहिल्या चाचण्या ज्या दोन ठिकाणी झाल्या, त्यातले एक हे विद्यापीठ होते. हीच लस २०२१ मध्ये भारतातही आणीबाणीच्या वापरासाठी मंजूर झाली. पण रशियातल्या प्रत्येक वैद्यकीय विद्यापीठाकडे अशी रुग्णालये नाहीत. बरीच विद्यापीठे शहरातल्या सरकारी रुग्णालयांत आपल्या काफेद्रा चालवतात. ते वाईट नाही, पण रुग्णालय कोणते आणि किती लांब, हे विचारायला हवे.

सहा वर्षे कशी जातात?

एमबीबीएसच्या तोडीचा अभ्यासक्रम तिथे सहा वर्षांचा असतो. दंतवैद्यक पाच वर्षांचे.

पहिली दोन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, लॅटिन आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी रशियन भाषा. तिसऱ्या वर्षी प्रोपेदेव्टिका, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र. चौथ्या वर्षाच्या आसपास फॅकल्टी थेरपी व सर्जरी. पाचव्या आणि सहाव्या वर्षी हॉस्पिटल थेरपी, हॉस्पिटल सर्जरी आणि इतर विषय.

वरच्या वर्षांत ‘सायकल’ पद्धत असते. म्हणजे काही दिवस किंवा आठवडे रोज एकच विषय, तोही छोट्या गटात. मग पुढचा विषय. वर्ग बुडवला तर ‘ओत्राबोत्का’ करावी लागते. बुडालेला पाठ नंतर येऊन भरून काढायचा, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. उन्हाळ्यात प्रत्यक्ष कामाचे दिवस असतात. सुरुवातीच्या वर्षांत वॉर्डातल्या मदतनिसाचे आणि नर्सचे काम, नंतर डॉक्टरच्या मदतनिसाचे. भावी डॉक्टरने बेडपॅनपासून इंजेक्शनपर्यंत सगळे स्वतः करून पाहावे, हा त्यामागचा विचार आहे. गुण पाचपैकी देतात आणि दोन म्हणजे नापास.

शेवटी राज्य परीक्षा आणि त्यानंतर ‘प्राथमिक मान्यता’ ही तीन टप्प्यांची चाचणी होते. ती उत्तीर्ण झाल्यावर विभागीय दवाखान्यात डॉक्टर म्हणून काम करता येते. तज्ज्ञ व्हायचे तर ‘ओर्दिनातूरा’, म्हणजे आपल्याकडच्या पदव्युत्तर निवासी डॉक्टरकीसारखे शिक्षण. ‘विज्ञानाचे कांदिदात’ ही साधारण पीएचडीच्या तोडीची आणि ‘विज्ञानाचे डॉक्टर’ ही त्याहून वरची संशोधनाची पदवी. रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला रशियन भाषेत ‘व्राच’ म्हणतात.

तुमच्या मुलासाठी याचा अर्थ काय?

या रचनेतला सर्वांत मोलाचा भाग कोणता, ते एव्हाना तुमच्या लक्षात आले असेल: रुग्णाच्या खाटेशी होणारे शिक्षण. तीनही पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. आणि खाटेवरचा रुग्ण रशियन बोलतो.

पुस्तके इंग्रजी असतील, वर्ग इंग्रजीत असतील. पण “कधीपासून दुखतंय? दुखणं कुठे सरकतं?” हे मॉस्कोतल्या आजीला इंग्रजीत विचारून चालत नाही. केस पेपर रशियनमध्ये, नर्स रशियन बोलणारी. तिसऱ्या वर्षापर्यंत ज्याला रशियन येत नाही, तो वॉर्डात मागच्या रांगेत उभा राहतो आणि इंग्रजीत कोणी सांगेल तेवढेच ऐकतो. पुढची तीन वर्षे तो पुस्तकातून मेडिसिन शिकतो. भारतात परतल्यावर एफएमजीई परीक्षेत ३०० पैकी १५० उत्तरे बरोबर येण्यासाठी जी समज लागते, ती इथे कमी पडते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे रुग्ण समोर आल्यावर ती उणीव जाणवते. म्हणून भाषा हा जोडविषय समजू नका. शक्य असेल तर आधीचे एक वर्ष ‘पूर्वतयारी शाखे’त रशियन शिकण्यात घालवणे शहाणपणाचे ठरते.

नियमांचेही पाहा. १८ नोव्हेंबर २०२१ नंतर परदेशात प्रवेश घेतलेल्यांसाठी राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मुख्य अटी अशा:

• अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा.
• त्याच परदेशी संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप असावी.
• त्या देशात तिथल्या नागरिकांप्रमाणे वैद्यकी करण्याची पात्रता या पदवीने मिळावी.
• परत आल्यावर भारतात १२ महिन्यांची इंटर्नशिप करावी.
• प्रवेशापासून १० वर्षांच्या आत सगळे पूर्ण व्हावे.
• जाण्याआधी ‘नीट’ उत्तीर्ण असावे.

रशियात पदवीनंतरचे इंटर्नशिपचे स्वतंत्र वर्ष आता राहिलेले नाही. प्रत्यक्ष काम सहा वर्षांतच विभागलेले असते. त्यामुळे १२ महिन्यांची अट कशी पूर्ण होते, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर राहू नका. नियम बदलतात, म्हणून पैसे भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावरच्या ताज्या सूचना स्वतः वाचा.

प्रवेशाआधी विचारायचे पाच प्रश्न

१. संस्थेचे पूर्ण अधिकृत नाव काय आणि ती कोणत्या मंत्रालयाखाली येते?
२. फॅकल्टी आणि हॉस्पिटल थेरपीचे वर्ग नेमक्या कोणत्या रुग्णालयात होतात?
३. वरच्या वर्षांत एका गटात किती विद्यार्थी असतात?
४. रशियन भाषा किती तास आणि किती वर्षे शिकवतात?
५. १२ महिन्यांच्या इंटर्नशिपचे प्रमाणपत्र विद्यापीठ देते का?

या प्रश्नांची उत्तरे शक्यतो तिथे चौथ्या-पाचव्या वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याकडून मिळवा. त्याला एक प्रश्न जास्तीचा विचारा: “गेल्या आठवड्यात तू स्वतः किती रुग्णांशी बोललास?” फोटो आणि फीचा तक्ता बाजूला ठेवून आधी त्याचे उत्तर ऐका, मग निर्णय घ्या.